घरातले गोष्टींचे खेळ आणि खऱ्याखोट्याचा प्रश्न

(येडशी येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागं लेकरं बसली आहेत, त्यांना पुढं येऊ द्या. आजचा विषय त्यांचाच आहे.

येडशीत बोलायला उभं राहायचं आणि रामलिंगाचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल? मी लहान असताना आम्ही बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं येडशी स्टेशनला उतरत असू आणि तिथून आजीबरोबर पायी रामलिंगाला जात असू. वाट उताराची, दोन्हीकडं झाडी. आजी चालता चालता गोष्ट सांगायची. रावण सीतेला घेऊन निघाला, जटायू आडवा आला, इथंच त्याचे पंख तुटले, आणि जखमी जटायूला पाणी पाजायला रामानं बाण मारला. देवळापाशी जटायूची समाधी दाखवतात, ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

पुढं मोठा झालो, हिंडलो, तेव्हा कळलं की नाशिक जिल्ह्यात इगतपुरीजवळ टाकेदला हीच गोष्ट सांगतात. आंध्रात लेपाक्षीला सांगतात. केरळात चडयमंगलमला तर डोंगरावर जटायूचं प्रचंड शिल्प उभं केलं आहे. मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, तर्काची खोड जडलेली. आजीला विचारलं, "मग जटायू नक्की पडला कुठं?" आजी म्हणाली, "इथं पडला म्हणून तर आपण आलो की."

तेव्हा मला वाटलं, आजीला प्रश्नच कळला नाही. तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं, हे समजायला मला 40 वर्षं लागली. त्या 40 वर्षांत माझ्या घरात काय झालं तेही सांगणार आहे. पण आधी थोडं शास्त्र.

भ्रम, खोटं आणि तिसरं काहीतरी

समोर जे नाही ते "आहे" असं माणूस तीन प्रकारांनी म्हणतो.

पहिला प्रकार भ्रमाचा. अंधारात दोरी पडली आहे आणि मला साप दिसतो. मी फसलेला आहे आणि मला ते ठाऊक नाही.

दुसरा प्रकार खोट्याचा. मला ठाऊक आहे की ही दोरी आहे, पण तुम्हाला घाबरवायला मी साप म्हणतो. इथं मला खरं माहीत आहे, तुम्हाला नाही. खोट्याचा सगळा व्यवहार या फरकावर चालतो.

तिसऱ्या प्रकारात तुम्ही, मी, घरातली पोरं, सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे की ही दोरी आहे. तरी आपण ठरवतो, चला, हिला साप समजू. मग कुणी पुंगी वाजवतं, कुणी खाटेवर चढून बसतं, कुणी दूध आणायला धावतं. इथं कुणीच कुणाला फसवलेलं नाही.

आपल्या न्यायशास्त्रात या तिसऱ्या प्रकाराला नाव आहे, आहार्य ज्ञान. वस्तू तशी नाही हे ठाऊक असताना, केवळ आपल्या इच्छेनं ती तशी आहे असं धरून चालणं. कवी मुखाला चंद्र म्हणतो ते आहार्य. आणि गंमत बघा, तर्क करणारा पंडितही हेच करतो. "डोंगरावर विस्तव नसता, तर धूरही नसता," असं तो म्हणतो, तेव्हा विस्तव आहे हे ठाऊक असून तो क्षणभर नाही असं धरतो. म्हणजे पोराच्या गोष्टीतलं "समजा" आणि पंडिताच्या युक्तिवादातलं "समजा" हे एकाच आईची लेकरं आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं की, घरात बसून खेळलेले गोष्टींचे खेळ म्हणजे नुसता वेळ घालवणं नाही. खोटं आणि कल्पित यांतला फरक मूल तिथं शिकतं. आज सकाळपासून रात्रीपर्यंत मोबाईलवर काय काय येऊन पडतं. त्यातली गोष्ट कुठली, थाप कुठली, बातमी कुठली, हे ओळखायची सवय लागायची तर आधी "समजा" म्हणून गोष्टीत शिरायची आणि "संपली" म्हणून बाहेर यायची सवय पाहिजे. जो कधी गोष्टीत शिरलाच नाही, त्याला दार कुठं आहे हे कसं कळणार?

बाकावरचा मोर

आता माझ्या घरची गोष्ट. ही मात्र खरी आहे.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. एके दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, "अप्पा, आज आमच्या वर्गात मोर आला होता. माझ्या बाकावर बसला." मी पेपर तपासत होतो. मी विचारलं, "कुठून आला?" "खिडकीतून." "खिडकीला गज आहेत ना?" ती थोडी थांबली. "बाई काय म्हणाल्या?" ती गप्प. मग मी म्हणालो, "बाळ, खोटं बोलू नये."

त्या वर्षी मी कॉलेजात न्यायशास्त्र शिकवत होतो. सकाळी फळ्यावर "आहार्य" शब्द लिहून त्याची व्याख्या सांगितली होती, आणि दुपारी घरात ते समोर आलं तर मला ओळखू आलं नाही. पोरीला मोर आला नव्हता हे ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. ती मला खेळायला बोलावत होती, आणि मी तिची उलटतपासणी घेतली.

त्यानंतर शाळेतून आल्यावर "आज काय झालं?" विचारलं की ती म्हणायची, "काही नाही." हे "काही नाही" पुढं बरीच वर्षं चाललं. दहावीला काय घ्यायचं, कॉलेजात कुणी त्रास देतं का, लग्नाचं काय, सगळ्याला उत्तर एकच. आईशी बोलायची, माझ्याशी नाही. सगळा दोष एका मोराचा असं मी म्हणत नाही. पण ज्या घरात पोराचं पहिलं "समजा" आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं, त्या घरात पुढं खरं सांगायलाही पोर कचरतं, एवढं मी माझ्या अनुभवानं सांगतो.

खेळ सुरू होण्याआधी : हुंकार

आता खेळांकडं वळू. सगळ्यात आधी शून्य नंबरचा खेळ, तुम्हाला सगळ्यांना येतो तो. कापूसकोंड्याची गोष्ट! आजोबा विचारतात, गोष्ट सांगू का? पोरगं "हो" म्हणालं, तर "हो काय म्हणतोस" म्हणून पुन्हा तोच प्रश्न. "नाही" म्हणालं, तरी तेच. रडलं, तरी तेच. गोष्ट काही सुरू होत नाही, पोरगं चिडतं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच धाकट्या भावाला तेच छळायला जातं.

यातून एक मोठी गोष्ट कळते. गोष्ट एकट्या सांगणाऱ्याची नसते. ऐकणाऱ्याचा शब्द तिच्यात गुंफलेला असतो. आपल्याकडं गोष्ट ऐकताना "हूं" म्हणायची रीत होती. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं टाकली की आजी गोष्ट सांगायची आणि कुणीतरी हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की आजी थांबायची, पोरं झोपली असं समजायची.

मराठवाड्याला तर हुंकाराचं मोल फार जुनं माहीत आहे. पैठणला सातवाहनांच्या दरबारात गुणाढ्य होता. त्यानं पैशाची भाषेत बृहत्कथा रचली, सात लाख श्लोकांची, अशी आख्यायिका आहे. राजानं ती नाकारली. मग गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान वाचायचा आणि विस्तवात टाकायचा. जनावरं चारा सोडून ऐकत उभी राहायची. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते. ही कथा आपल्याला अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या कथासरित्सागरामुळं ठाऊक आहे. यातलं ऐतिहासिक किती, हा प्रश्न आज बाजूला ठेवू. मी त्यातून एवढंच घेतो की दरबारानं हुंकार दिला नाही, तो रानातल्या जनावरांनी दिला. घरातलं पोरगं गोष्ट घेऊन आलं, तर आपण दरबार व्हायचं की रान, ते आपण ठरवायचं.

पहिला खेळ : वाक्याची साखळी

तिघं ते सहा जणं बसा. सगळ्यात लहान असेल त्यानं पहिलं वाक्य सांगायचं. पुढच्यानं एक वाक्य जोडायचं, फक्त एक. दोन किंवा तीन फेऱ्या करायच्या. शेवटचं वाक्य घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसानं सांगायचं.

नियम तीनच. एक, आधीच्याचं वाक्य खोडायचं नाही. दोन, "आणि ते सगळं स्वप्न होतं" म्हणायचं नाही. तीन, सगळ्यांना मारून टाकायचं नाही.

पहिला नियम मोठ्यांना सगळ्यात जड जातो. नातू म्हणतो, "एक म्हैस होती." नात म्हणते, "ती एसटी स्टँडवर उभी होती." धाकटं म्हणतं, "तिला लातूरला जायचं होतं." आता पाळी बापाची, आणि बाप म्हणतो, "म्हशीला एसटीत घेत नाहीत." संपला खेळ! तेच बाप म्हणाला असता, "कंडक्टरनं विचारलं, पूर्ण तिकीट की अर्धं?" तर गाडी निघाली असती. म्हशीवर संकट आणा, तिचे पैसे हरवू द्या, गाडी पंक्चर करा, काय वाटेल ते करा. फक्त म्हैस स्टँडवर उभी आहे, हे नाकारू नका.

या खेळात आपलं वाक्य आधी तयार ठेवता येत नाही. शेजारच्याचं ऐकल्याशिवाय जोडता येत नाही. घरात आपण बहुतेक वेळा दुसऱ्याचं बोलणं संपायची वाट बघत असतो, ऐकत नसतो. इथं ऐकावंच लागतं.

ही साखळी आपल्याला नवी नाही. जात्यावर दोघी बसायच्या, एक ओवी गायची, दुसरी उचलायची. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून अशा 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्या बायांना घरात बोलायची मुभा नव्हती, त्या जात्यावर एकमेकींचा शब्द उचलत होत्या.

दुसरा खेळ : दोन चिठ्ठ्या

इटलीत जानी रोदारी नावाचे बालसाहित्यिक होऊन गेले. आधी ते शाळामास्तर होते. गोष्टी कशा रचाव्या यावर त्यांनी 1973 साली एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की एका शब्दातून गोष्ट निघत नाही. एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द शेजारी ठेवा, मग मनाला त्यांच्यामधून वाट काढावी लागते.

आपण हे असं करू. एका डब्यात आजीआजोबांनी त्यांच्या काळातले शब्द चिठ्ठ्यांवर टाकायचे. जातं, फडताळ, रोळी, कंदील, उखळ. दुसऱ्या डब्यात पोरांनी त्यांचे शब्द टाकायचे. चार्जर, पासवर्ड, सेल्फी, रिचार्ज. प्रत्येक डब्यातून एकेक चिठ्ठी उचला आणि दोन्ही येतील अशी छोटी गोष्ट सगळ्यांनी मिळून करा. एका घरात "फडताळ" आणि "पासवर्ड" आलं. पोरगं म्हणालं, "फडताळाला पासवर्ड होता आणि तो फक्त मांजरीला माहीत होता." पण त्याआधी त्यानं विचारलं होतं, "आजी, फडताळ म्हणजे काय?" आणि आजीनं विचारलं होतं, "पासवर्ड कशाला लागतो रं?" गोष्टीआधी दहा मिनिटं दोघं एकमेकांना आपापलं जग समजावत बसले. मला विचाराल तर तीच दहा मिनिटं मोलाची.

तिसरा खेळ : वेताळाचा प्रश्न

वेताळपंचविशी तुम्हाला ठाऊक आहे. तिच्याकडं खेळ म्हणून बघा, किती कडक नियम आहेत! वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर डोक्याची शकलं होतील. बोलला, तर वेताळ परत झाडावर. म्हणजे कळूनही गप्प राहणं हा तिथं सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

घरात असं खेळा. एकानं वेताळ व्हायचं. गोष्ट पेचापर्यंत आणायची आणि विचारायचं, "सांग, इथं न्याय काय?" प्रत्येकानं उत्तर द्यायचं आणि कारण सांगायचं. कारणाशिवाय उत्तर धरायचं नाही. वेताळानं निकाल द्यायचा नाही.

मी एका घरी हा खेळ खेळलो होतो. गोष्ट मी रचली. विहिरीत पाणी एका शेतापुरतं उरलं आहे. थोरल्या भावानं विहीर खणली, धाकट्यानं कर्ज फेडलं. पहिलं पाणी कुणाच्या शेताला? बराच वाद झाला. पोरांनी दिवस वाटून दिले, तास वाटून दिले. कोपऱ्यात शेंगा फोडत आजी बसल्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांला बहीण नव्हती का? तिला कुणी विचारलं?" सगळं घर गप्प. गोष्टीत मी बहीण घातलीच नव्हती. माझ्याही डोक्यात ती आली नाही. त्या घरात जमिनीच्या वाटण्या नुकत्याच झाल्या होत्या, हे मला नंतर समजलं. आजींनी एरवी हे तोंडानं कधी काढलं नसतं. गोष्टीतल्या बहिणीबद्दल मात्र बोलता आलं.

शेवटच्या गोष्टीला विक्रम राजाला उत्तर सुचत नाही आणि तो गप्प राहतो, हेही पोरांना सांगा. काही प्रश्नांना उत्तर लगेच नसतं. अशा वेळी "मला माहीत नाही" म्हणायला राजालाही कमीपणा वाटू नये.

चौथा खेळ : दुसरी बाजू

चिमणी आणि कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर पावसात वाहून गेलं, तो चिमणीच्या दारात आला, आणि चिमणी बाळाचं काही ना काही सांगत दार उघडत नाही. आपण ती नेहमी चिमणीच्या घरातून सांगतो. आता कावळा होऊन, दाराबाहेर भिजत उभं राहून सांगा. मग पुन्हा चिमणी होऊन सांगा, कारण तिला भीती का वाटत होती, तेही कळलं पाहिजे. माझ्या नातवानं कावळ्याची बाजू सांगताना एकच वाक्य टाकलं होतं, "मला आतला उजेड दिसत होता." आठ वर्षांचं पोर.

थोडी पथ्यं

आठवड्यातून दोनदा, 15 ते 20 मिनिटं पुरे. लाईट गेली की आपोआप वेळ मिळते, पण तिच्यावर अवलंबून राहू नका. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, मोठ्यांचे सुद्धा. पोराची भाषा गोष्ट चालू असताना दुरुस्त करू नका. ते "पानी" म्हणालं तर पानी, आपल्याकडं तसंच म्हणतात. शेवटी तात्पर्य सांगू नका, त्यानं खेळाची शाळा होते. नंबर काढू नका. आणि संपल्यावर "संपली गोष्ट" असं मोठ्यानं म्हणा. आपल्या कहाण्यांना सुफळ संपूर्ण म्हणायची चाल आहे, ती उगीच नाही. दार उघडलं होतं, ते लावलं पाहिजे. मघाशी सांगितलेला खऱ्या-कल्पिताचा फरक त्या दारापाशीच कळतो.

आता मोराचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलगी पुण्याहून आली होती. रात्री नातवानं साखळीचा खेळ काढला. तो म्हणाला, "एक शाळा होती." माझी मुलगी, आता तिची पंचेचाळिशी उलटलेली, म्हणाली, "त्या शाळेच्या वर्गात खिडकीतून एक मोर आला." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. माझी पाळी होती. मी म्हणालो, "गज होते, म्हणून त्यानं पिसारा मिटून घेतला आणि अंग चोरून आत आला." ती हसली. नातू म्हणाला, "आबा, मग तो कुठल्या बाकावर बसला?" मी म्हटलं, "ते तुझ्या आईला विचार. तिनं बघितलंय."

(व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारले, "माझा मुलगा प्रत्येक गोष्टीत मारामारीच आणतो. थांबवू का?")

थांबवू नका, ताई. पुढचं वाक्य तुम्ही सांगा. "मारून झाल्यावर त्याचा हात दुखायला लागला," असं म्हणा आणि बघा तो काय जोडतो. दोन-तीनदा असं करा. त्यानंतरही मारामारीच येत राहिली, तर गोष्ट बाजूला ठेवून शाळेत, गल्लीत त्याला कुणी मारतं का, ते हळूच विचारा. गोष्ट कधी कधी पोराचा निरोप असते. तो आपल्याला पोचला पाहिजे.